आधी समोरच्याने ओळख दाखवावी

दुःख होणे ही गोष्ट निसर्गसिद्ध असली, तरी ते शिस्तीत, ठरल्या वेळात आणि योग्य खुर्चीत होणे प्रशिक्षणाशिवाय शक्य नाही. अशिक्षित माणूस वाटेल तिथे रडतो. आमच्या पिपिन बेंडमध्ये तर एक काळ असा होता, की लोक माझ्या दुकानात चिप्सच्या रांगेत उभे राहून रडायचे आणि मागच्यांचा खोळंबा करायचे.

आता तसं राहिलेलं नाही. गावात रीतसर समुपदेशन आल्याला सहा वर्षं झाली. ते सुरू करताना नवख्या माणसाने काय अपेक्षा ठेवावी, याचं एक पत्रक मी लिहून द्यावं, अशी गावसभागृहाच्या समितीची विनंती आहे. पत्रक दोन घड्यांचं असावं आणि सेप्टिक टाकीच्या पत्रकाशेजारी मावावं, असंही त्यांनी कळवलं होतं. ते काही जमलेलं नाही. अनुभव दांडगा असला की घड्या वाढतात, त्याला माझा इलाज नाही.

प्रथम माझी पात्रता. मी नोलीन पायबस. समुपदेशक होण्याआधी मी नदीकाठी मासे आणि चिप्सचं दुकान चालवत होते. त्या काळात मी लोकांना जे सल्ले दिले, ते आठवले की आज मला घाम फुटतो. कोणी म्हणायचं, "नोलीन, बायको माहेरी निघून गेली." मी चिप्सवर व्हिनेगर मारता मारता म्हणायचे, "मग इथे काय मासे खातोयस, गाढवा? जा, घेऊन ये तिला. आणि जाताना दाढी कर." तो जायचा. ती यायची. ना संमतीपत्र, ना मूल्यमापन, ना बसायला खुर्ची! असल्या उपचाराचा परिणाम होतो याला शास्त्रीय पुरावा काहीच नव्हता. परिणाम व्हायचा, एवढंच.

पुढे माझे गुडघे गेले, दुकान विकलं आणि आमच्या बेटाच्या राजधानीत, होबार्टला जाऊन मी पदविका घेतली. पहिल्याच तासाला बाईंनी सांगितलं, की सल्ला देणं ही समुपदेशकाच्या हातून होणारी सर्वांत मोठी हिंसा आहे. मी मागच्या बाकावर बसून मनातल्या मनात हिशेब केला. अर्ध्या खोऱ्यावर मी अत्याचार केले होते.

असो. आता मुद्द्याकडे येऊ. नुसते नियम सांगितले तर कोणी वाचत नाही, म्हणून प्रत्येक टप्प्याला एका यशस्वी प्रकरणाचा दाखला देते. प्रकरण क्लाइव आणि अॅथल टिल्यार्ड या भावांचं आहे. (नावे बदलली आहेत. गावात लाकडी होड्या बांधणारे भाऊ दोनच आहेत आणि शेडवर त्यांचं खरं नाव हातभर अक्षरात रंगवलेलं आहे, पण त्याची जबाबदारी माझ्यावर नाही.)

पहिली भेट. या भेटीत तुम्हाला एक खुर्ची, एक पाण्याचा पेला आणि कागदी रुमालांचं एक खोकं मिळेल. घड्याळ तुमच्या पाठीमागे असेल. ते मला दिसतं, तुम्हाला दिसत नाही. यामुळे तुम्हाला काळाचं भान राहत नाही आणि मला दुसरं कसलं राहत नाही.

क्लाइवला डॉक्टरने पाठवलं होतं. झोप येत नाही म्हणून. तो दारात उभा राहिला, टोपी काढली आणि आत पाऊल टाकायच्या आधीच म्हणाला, "नोलीन, अॅथल चाललाय. शेडमधला वाटा विकून पोरीकडे, क्वीन्सलंडला. कायमचा. मला त्याला थांबवायचंय गं. कसं सांगू?"

माझ्या अंगावर काटा आला. अहो, उंबरठ्यावर! माणसाने सगळं एका दमात सांगून टाकलं, तर पुढच्या भेटींत करायचं काय?

"आपण आधी बसू या, क्लाइव," मी म्हटलं. "तुम्ही ही माहिती मला अजून देऊ शकत नाही."

"पण मी दिली की."

"तुम्ही दिलीत, पण मी घेतलेली नाही."

"आणि तू मला 'तुम्ही' काय म्हणतेस? आपण एका वर्गात होतो."

"वर्गात आपलं नातं व्यावसायिक नव्हतं," मी म्हटलं. क्लाइवने मान डोलावली. पुढे मी त्याला गोपनीयता समजावली, गोपनीयतेचे अपवाद समजावले, अपवादांचे अपवाद समजावले, न कळवता गैरहजर राहिल्यास काय होतं ते सांगितलं आणि कळवून गैरहजर राहिल्यासही तेच होतं हेही सांगितलं. मग विचारलं, "आता सांगा, कशासाठी आलात?" त्याने तोंड उघडलं आणि वेळ संपली.

पहिल्या भेटीनंतर जरा वाईट वाटणं स्वाभाविक आहे. क्लाइवला वाटलं. म्हणजे प्रक्रिया सुरू झाली होती.

पार्श्वभूमी. हिची माहिती समुपदेशकाला असतेच, पण ती असल्याचं त्याने दाखवायचं नसतं. टिल्यार्डांचं प्रकरण गावातल्या प्रत्येकाला पाठ आहे. ते मी क्लाइवकडून तीन भेटींत नव्याने ऐकून घेतलं आणि प्रत्येक वळणावर आश्चर्य दाखवलं.

त्यांची आई इव्हलीन. हिचा स्पंज केक खोऱ्याच्या कृषिप्रदर्शनात दरवर्षी पहिला यायचा. निळी फीत दुसऱ्या कुणाला मिळालेली गावाने पाहिली नव्हती. ती वारली तेव्हा अंत्यविधीत बोलायला धाकटा अॅथल उभा राहिला. त्याला लोकांना हसवायचं होतं. आईला हसणं आवडायचं म्हणून. तो म्हणाला, "आता ती गेलीच आहे तर सांगतो. तो केक पुड्यातल्या तयार पिठाचा असायचा. मी गुपचूप पुडे आणून द्यायचो."

कोणी हसलं नाही. पहिल्या रांगेत प्रदर्शन समितीच्या सगळ्या बायका बसल्या होत्या. पुढच्या महिन्यात सभागृहातल्या विजेत्यांच्या फळ्यावरून इव्हलीनचं नाव उतरवण्यात आलं. तिथे आता नुसती फिकट पट्टी आहे. (एका माणसाचा खून करून सुटलेले लोक आमच्याकडे आहेत, पण पुड्यातलं पीठ म्हणजे फारच झालं.)

क्लाइव त्या दिवसापासून भावाशी बोलला नाही. शेडच्या मधोमध त्याने खडूने रेघ मारली. होडी बांधायला माणसं दोन लागतात, म्हणून होडी रेघेवरच उभी राहिली. डावी बाजू क्लाइव बांधायचा, उजवी अॅथल. चार वर्षं असं चाललं. त्या काळातल्या एकाही होडीत पाणी शिरल्याची तक्रार नाही.

आणि ऐका. क्लाइव रोज संध्याकाळी भावाच्या पटाश्यांना धार लावून त्या रेघेवर ठेवायचा. अॅथल रोज सकाळी चहाचा एक मग क्लाइवसाठी रेघेवर ठेवायचा, दोन साखर घालून. एक शब्द नाही. क्लाइव मला म्हणाला, "अबोला मी धरला ना, मग मीच सोडायला हवा. पण त्याने नुसतं इकडे बघून 'काय रे' म्हटलं असतं, तरी मी बोललो असतो."

मी वहीत लिहिलं: संवाद चांगला आहे.

मधल्या भेटी. या काळात तुम्हाला विविध तंत्रांचा लाभ मिळेल. भावनांचं रंगीत चक्र दाखवलं जाईल आणि आपण नेमके कोणत्या रंगात आहोत हे विचारलं जाईल. (क्लाइव म्हणाला, "वॉर्निश." तो रंग चक्रात नव्हता.) बालपण काढलं जाईल. पायाच्या तळव्यांना जमीन कशी लागते याकडे लक्ष द्यायला सांगितलं जाईल. तुम्ही सरळ प्रश्न विचारलात, तर उत्तरादाखल "तुम्हाला काय वाटतं?" असं विचारलं जाईल. हा आमच्या शास्त्राचा कणा आहे. पदविकेची दोन वर्षं मुख्यत्वे हे वाक्य वेगवेगळ्या चेहऱ्यांनी म्हणायला शिकण्यात जातात.

पण सर्वांत प्रभावी तंत्र रिकाम्या खुर्चीचं. तुमच्यासमोर एक खुर्ची ठेवतात आणि ज्याच्याशी बोलायचं तो तिच्यात बसलाय असं समजून तुम्ही मन मोकळं करता. क्लाइव सुरुवातीला लाजला. टोपी फिरवत बसला. मग एकदम खुर्चीकडे बघून म्हणाला, "अॅथल, नको जाऊस रे. आईला त्या केकचं काही वाटलं नसतं. तीच हसली असती सगळ्यांत आधी. मलाच तेवढं हसता आलं नाही. तू गेलास तर उजवी बाजू कोण बांधणार? मी मरेपर्यंत अर्ध्या होड्या बांधू काय?"

काय बोलला! माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. ते मी नियमाप्रमाणे आत ओढलं आणि विचारलं, "हे बोलताना शरीरात कुठे काय जाणवलं?"

"ते राहू दे," क्लाइव उठत म्हणाला. "झालं की बोलून. आता हेच जाऊन त्याला सांगतो. तो तिथे शेडमध्येच आहे."

इथे नवखा समुपदेशक चुकतो. तो म्हणतो, जा. मी चुकले नाही. खुर्चीपासून माणसापर्यंत जायला ग्राहकाची तयारी पुरेशी झाली आहे का, ते मूल्यमापनाशिवाय कसं ठरणार? आणि मूल्यमापन पुढच्या गुरुवारी होतं. "ही ऊर्जा आपण जपून ठेवू," मी म्हटलं. क्लाइव शब्दाचा पक्का माणूस. त्याने ती जपून ठेवली. पुढच्या गुरुवारपर्यंत ती गेली होती.

पर्यवेक्षण. ग्राहकांना याची फारशी कल्पना नसते, म्हणून जरा सविस्तर सांगते. तुम्ही तुमचं ओझं माझ्यावर टाकता. मग ते मी कुठे टाकायचं? त्यासाठी प्रत्येक समुपदेशकाला एक पर्यवेक्षक असतो. महिन्यातून एकदा मी त्याच्यासमोर बसते आणि तो मला विचारतो, "तुम्हाला काय वाटतं?" त्या पर्यवेक्षकालाही पर्यवेक्षक असतो, आणि त्यालाही. अशा रीतीने एका माणसाचं दुःख वर वर चढत जातं आणि शेवटी ते कोणाचंच राहत नाही. यापेक्षा सुंदर व्यवस्था मी पाहिलेली नाही.

मोठ्या शहरात ही शिडी बरीच उंच जात असेल. आमच्या खोऱ्यात पात्र माणसं तीनच. मी, पुलापलीकडची फेनेला आणि सफरचंदांच्या शीतगृहामागे राहणारा रोवन. माझी पर्यवेक्षक फेनेला. फेनेलाचा पर्यवेक्षक रोवन. रोवनची पर्यवेक्षक जी होती ती सिडनीला गेली, म्हणून समितीच्या परवानगीने रोवनची पर्यवेक्षक मी. शिडी गोल आहे, पण पायऱ्या सगळ्या नियमाप्रमाणे आहेत.

पर्यवेक्षणात ग्राहकाची ओळख लपवायची असते. म्हणून मी फेनेलाला सांगितलं, "समजा, एक बहीण आहे. ती मातीची भांडी करते. दुसऱ्या बहिणीने मुरंब्याबद्दल काहीतरी बोलून ठेवलं, तेव्हापासून अबोला आहे. आता ती दुसरी गाव सोडून चालली आहे आणि हिला वाटतं, तिने जाऊ नये."

फेनेला दचकली. साहजिक होतं. अॅथल तिच्याकडे समुपदेशनाला जात होता, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे, कारण त्याचा ट्रक दर मंगळवारी तिच्या दाराशी उभा असायचा. पण दचकणं हे ओळखल्याचं लक्षण आहे आणि ओळखणं हा नियमभंग आहे. तिने ते खोकल्यावर निभावून नेलं.

"भांडी कसली?" तिने विचारलं.

"मातीची," मी म्हटलं.

"पाण्यात तरंगणारी?"

"फेनेला," मी म्हटलं.

"माफ करा," ती म्हणाली. "या बहिणीसाठी काहीतरी करावंसं तुम्हाला का वाटतंय, यावर काम करू या."

त्यानंतर फेनेला आपलं ओझं घेऊन रोवनकडे गेली आणि रोवन आपलं घेऊन माझ्याकडे आला. हिवाळ्याचे दिवस होते. मी शेगडी पेटवली, त्याला लॅमिंग्टन केकचा तुकडा दिला आणि ऐकायला बसले. रोवन म्हणाला, "माझ्या पर्यवेक्षणाखालच्या एका व्यक्तीकडे एक ग्राहक आहे. समजा, जुळ्या मावश्या. परदेशात. लोकरीचे गालिचे विणतात, एकाच मागावर, दोन बाजूंनी. धाकटी जायला निघाली आहे. तिला मुळीच जायचं नाही. रिकाम्या खुर्चीला ती म्हणाली, 'थोरली एकदा, फक्त एकदा थांब म्हणाली, तर मी भरलेलं सामान परत उतरवीन. शनिवारी सकाळपर्यंत वाट बघते. त्यानंतर बोटीची वेळ होईल.'"

मी शेगडीकडे बघत राहिले. रोवन माझ्याकडे बघत राहिला. दोघांनाही बाहेरून करवतीचा आवाज येत होता. वारा नदीवरून असला की शेडमधलं सगळं ऐकू येतं.

तर आता परिस्थिती अशी होती. क्लाइवला वाटत होतं, अॅथलने जाऊ नये. अॅथलला वाटत होतं, क्लाइवने थांब म्हणावं. हे मला ठाऊक होतं, फेनेलाला ठाऊक होतं, रोवनला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त क्लाइवला आणि अॅथलला. गोपनीयतेचं यश म्हणतात ते हेच.

"मला मधेच वाटतं, नोलीन," रोवन हळूच म्हणाला, "की कोणीतरी त्या थोरल्या मावशीला नुसतं सांगावं."

मी त्याची पर्यवेक्षक होते. माझं कर्तव्य होतं. "हे 'सांगावं' कुणाच्या गरजेतून येतंय, रोवन?" मी विचारलं. बिचारा रडला. चांगलं सत्र झालं.

सार्वजनिक ठिकाणी भेट झाल्यास. हा भाग नवख्यांनी नीट वाचावा. आमच्या व्यवसायाचा एक पवित्र नियम आहे. समुपदेशकाला ग्राहक बाहेर कुठे दिसला, तर समुपदेशकाने ओळख दाखवायची नाही. आधी ग्राहकाने ओळख दाखवावी. कारण कोणाला आपण समुपदेशन घेतो हे लपवायचं असू शकतं. शहरात हा नियम वर्षातून एखादवेळी लागत असेल. पिपिन बेंडमध्ये मी दूध आणायला निघाले, की पुलापासून दुकानापर्यंत मला कोणीच ओळखीचं दिसत नाही. मी सख्ख्या नणंदेला दोन वर्षं ओळखलेलं नाही. ती ग्राहक नाही, पण भविष्यात होऊ शकते.

पहिल्या वर्षी लोकांना वाटलं, नोलीनला माज चढला. मग सवय झाली. आता ज्यांना मी ओळख दाखवते तेच लोक संशयाने बघतात.

यशाचा दिवस. तो शनिवार. जुलै महिना, म्हणजे आमच्याकडे ऐन हिवाळा, दहिवर पडलेलं, नदीवर धुकं. पेट्रोल पंपावर अॅथलचा ट्रक उभा होता, मागे जोडलेला सामानाचा ट्रेलर, त्याच्यावर ताडपत्री. ताडपत्रीखालून हत्यारांच्या पेटीचा कोपरा दिसत होता. मी दूध घ्यायला गेले होते. फेनेला वर्तमानपत्र घ्यायला आली होती. रोवन सायकलमध्ये हवा भरत होता. (सकाळी साडेसातला तिघांनाही एकदम गरज पडावी, हा योगायोग समजावा. आम्ही तसाच समजलो.)

अॅथलने टाकी भरली. झाकण लावलं. मग टायरची हवा तपासली. मग पुढची काच पुसली. मग मागची. मग दिवे पुसले. मग आरसे. मग पुन्हा टायर. मधून मधून तो शेडच्या रस्त्याकडे बघायचा.

त्या रस्त्याने क्लाइव आला. हातात पेट्रोलचा डबा. गवत कापायच्या यंत्राला पेट्रोल हवं, असं त्याने कोणी न विचारताच जाहीर केलं. (जुलैमध्ये आमच्याकडे गवत वाढत नाही.) अॅथल काच पुसायचा थांबला. क्लाइव पंपाच्या दुसऱ्या बाजूला उभा राहिला. मधे फक्त पंप होता. दोघेही पंपाचे आकडे वाचत होते.

काउंटरवर शेरिल होती. पूर्वीची शेरिल असती, तर तिने आतूनच बोंब मारली असती, "अरे म्हाताऱ्यांनो, बोला की एकमेकांशी, नाहीतर दोघांच्या डोक्यावर नळी धरते!" पण मागच्याच महिन्यात शेरिलने माझा दोन दिवसांचा श्रवणवर्ग पूर्ण केला होता. ती दार उघडून हळुवार म्हणाली, "मी इथे आहे हं. कोणाला जागा हवी असेल तर." आणि आत गेली. मला शिकवल्याचं सार्थक वाटलं.

मग क्लाइवने मान वळवली आणि मला पाहिलं.

"नोलीन," तो म्हणाला.

त्याने आधी ओळख दाखवली होती. आता मला बोलायला हरकत नव्हती. "बोला, क्लाइव."

"तो चाललाय."

"तो चाललाय, असं तुम्हाला जाणवतंय."

"जाणवतंय काय, बाई! तो तिथे काच पुसतोय!" त्याने पेट्रोलचा डबा खाली आपटला. "मी काय करू? सांग ना. पूर्वी सांगायचीस तू."

"पूर्वी मी चिप्स विकत होते," मी म्हटलं.

"मग आता काय करू?"

काय सांगू तुम्हाला, माझ्या जिभेवर ते आलं होतं. अगदी व्हिनेगरच्या वासासकट आलं होतं. जा, गाढवा, तीन पावलं चाल, तो वाट बघतोय. पण मागे फेनेला उभी होती, माझी पर्यवेक्षक. पलीकडे रोवन उभा होता, ज्याची पर्यवेक्षक मी. गुरू आणि शिष्य दोघांसमोर मी काय आदर्श ठेवणार होते? मी मान किंचित कलती केली, डोळे मऊ केले आणि विचारलं,

"तुम्हाला काय वाटतं?"

क्लाइव सरळ माणूस. कोणी विचारलं की तो विचार करतो. तो विचार करू लागला.

तिकडे अॅथल फेनेलाकडे वळला. "फेनेला, टायरमधली हवा अजून एकदा बघू का?"

"हवा पुन्हा पुन्हा बघावीशी वाटते, यामागे काय असेल?" फेनेला म्हणाली. तिचा आवाज जरा कापत होता, पण शब्द बरोबर होते.

अॅथलने फडकं खिशात कोंबलं. "काही नाही," तो म्हणाला. "हवा ठीक आहे."

राहता राहिला रोवन. दोघांपैकी एकही त्याचा ग्राहक नव्हता. तो बोलू शकला असता. पण त्याच्या कागदोपत्री गालिचे विणणाऱ्या मावश्या होत्या, आणि त्या तिथे कुठेच नव्हत्या. त्याने सायकलमध्ये इतकी हवा भरली, की ट्यूब फुटली. सगळे दचकले. तेवढ्यात अॅथलने इंजिन सुरू केलं.

ट्रक क्लाइवच्या जवळून अगदी चालत्या माणसाच्या वेगाने गेला. काच खाली केलेली होती. जुलैच्या थंडीत! क्लाइवने हात उचलला, पण अर्धाच. अॅथलने स्टिअरिंगवरून एक बोट वर केलं. आमच्या रस्त्यांवर समोरून येणाऱ्या अनोळखी गाडीला करतात, तेवढंच. मग ट्रक वळणावरून उत्तरेला, बोटीच्या धक्क्याच्या रस्त्याला लागला.

"मला वाटतं," क्लाइव शेवटी म्हणाला, "मी त्याला थांब म्हणायला हवं."

"उत्तम," मी म्हटलं. "हे तुमचं तुम्हाला सापडलं."

निष्कर्ष. या प्रकरणात गोपनीयता शंभर टक्के पाळली गेली. सल्ला एकदाही दिला गेला नाही. ग्राहकाला उत्तर स्वतःहून सापडलं, वेळ तेवढी थोडी पुढेमागे झाली. तीनही समुपदेशकांनी आपापल्या पर्यवेक्षणात या शनिवारावर काम केलं आणि तिघांनाही काही करावंसं वाटणं आता पुष्कळ कमी झालं आहे. सेवेबद्दल दोघेही भाऊ समाधानी आहेत. निदान तक्रार नाही. अॅथल क्वीन्सलंडमध्ये बसून फेनेलाशी फोनवर बोलतो. तिथे नदी नाही, असं त्याचं म्हणणं आहे.

क्लाइव अजून दर गुरुवारी येतो. डॉक्टरने त्याला आणखी भेटी मंजूर केल्या आहेत, या वेळी वियोगासाठी. शेडमध्ये एक होडी डाव्या बाजूने पूर्ण झाली आहे. रेघ त्याने पुसली आहे. रोज संध्याकाळी तो आपल्याच पटाश्यांना दुसऱ्यांदा धार लावतो आणि मग त्याला आठवतं, की त्या धारेची गरज कोणाला नाही. सकाळी चहा आता स्वतःच करतो. "दोन मग होतात," तो मला म्हणाला. "एकाचा कसा करायचा, तेच कळत नाही. दुसऱ्याचं काय करू, नोलीन?" त्यावर आम्ही काम करत आहोत.

आता तुम्ही म्हणाल, कारण तुमचा चेहरा मला इथूनही दिसतो: अहो बाई, एक शब्द! तिघे शहाणे तिथे उभे होते, एकाच्या तोंडून एक शब्द फुटू नये? राग येणं स्वाभाविक आहे. तो शरीरात कुठे जाणवतोय ते बघा. मात्र एक विचारते. रोवन माझ्या शेगडीपाशी बसून बोलला, तेव्हापासून दोन्ही बाजू तुम्हालाही ठाऊक होत्या. तुम्ही काय केलंत? पुढचं पान वाचलंत. पुढे काय होतं ते बघू म्हणालात. या व्यवसायाला लागणारा सगळा पिंड तुमच्यात आहे, प्रवेशअर्ज सभागृहात मिळेल.

आणि तुमचंही कोणीतरी असेलच. कधीतरी काहीतरी बोललेलं, तेव्हापासून न बोललेलं. त्याच्याकडून आधी एक फोन यावा, मग आपण बघू, असं तुम्ही म्हणत असाल. तोही तिकडे तेच म्हणत असेल. नाव सांगू नका, मी विचारणार नाही. मी ओळख दाखवणार नाही, सल्ला तर मुळीच देणार नाही. फक्त एवढं सांगा, तो आत्ता पंपावर काच पुसत उभा असेल, असं तुम्हाला वाटतं का?

विचार करा. घाई नाही. दिवे आणि आरसे अजून पुसायचे आहेत.